रुमाल टाकून धरलेली जागा

जगात आजवर जितके सासरे होऊन गेले असतील, त्यांतल्या एकानंही आपल्या जावयाला माझ्या सासऱ्यांइतकं लाजवलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. मानपान, रुसवेफुगवे, चारचौघांत जावयाचा पगार विचारणं ही लाजवण्याची साधी घरगुती साधनं झाली. माझ्या सासऱ्यांनी ती कधी वापरली नाहीत. ते बाहुल्या करायचे. साठी ओलांडलेला, दारातून वाकून आत येणारा, पांढऱ्याशुभ्र मिशांचा आणि गुलाबी फेट्याचा माणूस अंथुर्ण्याच्या भर चौकात, स्वतःच्या ओट्यावर मांडी घालून बाहुलीला परकर नेसवतोय आणि तोंडात टाचण्या धरून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करतोय, हे दृश्य मी मुलगी बघायला गेलो तेव्हा दिसलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्या बाहुल्यांवर भुईमुगाची रिकामी पोती टाकली होती. मी त्या पोत्यांवरच बसलो होतो, हे मला लग्नानंतर कळलं. सासरे म्हणाले, "पाव्हणं, तवा तुमी सरपंचाच्या डोक्यावर बसला हुता. म्या कायबी बोललो न्हाय. पोरीचं कार्य व्हतं."

नोकरी त्यांची एस.टी.त, कंडक्टरची. उभा जन्म इंदापूर-बारामती रस्त्यावर गेला. त्या रस्त्यावरचा माणूस ते नावानं नव्हे, सवयीनं ओळखत. कुणी सुटे पैसे काढताना जीभ बाहेर काढतो, कुणी खिडकीशी बसला की लगेच घोरतो, कुणी बाई स्वतःच्या पोराला मांडीखाली लपवून अर्धं तिकीट वाचवते आणि वर कंडक्टरकडेच बघून गोड हसते. निवृत्त झाल्यावर हे सगळे चेहरे रिकामे बसू देईनात, म्हणून त्यांनी पांगाऱ्याचं लाकूड आणलं. जोडीला सायकलीच्या तारा, बूटपॉलिशच्या डब्या, शिवणयंत्राची रिकामी रिळं, ट्रॅक्टरचं मोडकं बेअरिंग. यातून एकेक माणूस उभा राहायचा आणि पाठीमागचा दांडा फिरवला की आपली सवय करून दाखवायचा. जीभ काढणारा जीभ काढायचा. घोरणाऱ्याचं पोट वरखाली व्हायचं. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. सासरे सांगायचे, "आज्याला कळपातलं हरेक मेंढरू तोंडावरनं ठावं व्हतं. मला निदान मानसं तरी वळखाया नगं व्हय?"

या बाहुल्यांना खेळणी म्हटलेलं मात्र त्यांना अजिबात खपत नसे. "खेळनी न्हायत, पाशिंजर हायती," म्हणायचे. पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. ओट्यावर त्यांनी फळ्यांची एक लांबलचक गाडी बांधली होती, लाल आणि पिवळी, बायकांच्या राखीव जागांसकट, आणि तीत हे प्रवासी बसवले होते. बसवले म्हणजे कायमचे नव्हे. गावात काल रात्री कुणाचं कुणाशी भांडण झालं की आज सकाळी ते दोघे गाडीत लांब लांब बसलेले दिसत. कुणी म्हाताऱ्या आईशी वाकडं बोललं की त्याची जागा जाऊन तो दांड्याला धरून उभा. अंथुर्ण्यात वर्तमानपत्र दुपारी यायचं, पण ही गाडी उजाडताच वाचायला मिळायची. शेतावर जाता जाता बाप्ये थांबून आपण कुठं आहोत ते बघून जायचे. एकदा मी चहा पीत असताना एक चांगला पिकल्या केसांचा बागायतदार ओट्याखाली उभा राहून गयावया करत होता, "आबा, म्हातारीला काल लुगडं आनलं. आता तरी मला बसवा की." सासऱ्यांनी घरात हाक मारून सासूबाईंकडून लुगड्याची खात्री करून घेतली आणि मगच त्याला बसवलं. तो माणूस खरोखर पाय दुखायचे थांबल्यासारखा सुस्कारा टाकून गेला.

दुसरा त्यांचा नेम असा की एका माणसाची एकच बाहुली. बारामतीच्या एका भांड्यांच्या दुकानदाराला गाडीतला पोटावर हात फिरवत ढेकर देणारा सावकार इतका आवडला, की त्यानं दिवाळीसाठी तसे शेकड्यानं हवेत म्हणून सांगितलं. सासरे त्याच्याकडे, बिनतिकीट सापडलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. "एका मानसाची दोन तिकिटं फाडू व्हय मी? नोकरीत न्हाय केलं, आता करू?" बाहुली पुरी झाली की तिच्या बुडाशी पत्र्याची एक टिकली ठोकायची आणि त्या टिकलीला तिकिटं टोचायच्या चिमट्यानं भोक पाडायचं. हा चिमटा त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून मुद्दाम शोधून आणला होता. भोक पडलं की प्रवासी पक्का. मग त्यात बदल नाही, रंगाचा एक ठिपकाही नाही. आणि भोक पडेपर्यंत बाहुली कितीही देखणी झाली असली तरी ती त्यांच्या लेखी कुणीच नव्हती. पुण्याहून एकदा चित्रकला शिकवणारे एक दाढीवाले गृहस्थ आले, अर्धा दिवस त्या गाडीपुढे उकिडवे बसले, ही केवढी मोठी कला आहे ते त्यांनी सासऱ्यांना समजावून सांगितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते गेल्यावर म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन बोलताना दाढीतनं भुईमुगाचं टरफल काढतोय सारखा." पुढच्या खेपेला गेलो तर गृहस्थ गाडीत बसून दाढी चाचपत होते.

आता माझं. मी बारामतीत एका कॉलेजात वाणिज्य शिकवत होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. अशा माणसाला हे सासर. सासरे मला भेटायला म्हणून थेट कॉलेजात येत, स्टाफरूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरत आणि माझ्या सहकाऱ्यांकडे टक लावून बघत बसत. अर्थशास्त्राचे सर एकदा शिंकले तर हे उठून त्यांच्यापुढं जाऊन उभे. "गुरुजी, तेवढं फिरून एकदा करा की. डावा खांदा वर गेला का उजवा, त्ये निसटलं." खोलीत एकच हशा उडाला आणि मी हजेरीपुस्तकात तोंड खुपसलं. एस.टी.त शेजारी बसले की पिशवीतून अर्धी झालेली बाहुली काढून तिच्या नाकावर कानस चालवायचे. बायामाणसं वळून वळून बघायची. मी हळूच दोन बाकं पुढं जाऊन बसायचो आणि तिकीटही माझं एकट्याचंच काढायचो. बायको म्हणायची, "आबांची एवढी काय लाज वाटते तुम्हाला?" मी म्हणायचो, लाज कसली, ऊन लागत होतं त्या बाजूला. खरं तर माझे कान तापलेले असायचे, ते उन्हानं नव्हे.

आणि त्याहून मोठी एक धास्ती होती. सोयरीक जुळली की नव्या माणसाची बाहुली करून त्याला गाडीत जागा द्यायची, ही त्यांच्या घरची रीतच पडून गेली होती. थोरल्या सुनेला लग्नातच जागा मिळाली. मला मात्र नाही. ड्रायव्हरमागच्या बाकावर त्यांनी स्वतःची, कंडक्टरची बाहुली बसवली होती, खाकी कपडे, हात पुढं, हातात तिकीट. तिच्याशेजारी खिडकीकडची जागा रिकामी होती आणि तिच्यावर एक छोटासा चौकटीचा रुमाल टाकलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "ही तुमची जागा. धरून ठिवलीय. पन पाव्हणं, तुमी घावंना अजून. तुमची सवयच दिसत न्हाय. समदं कसं झाकून." मी मनात देवाचे आभार मानले. यांना माझी ढेरी तर दिसली नसेल, की माझं चष्मा पुसणं, ही भीती घेऊनच मी दर दिवाळीला अंथुर्ण्याला जात असे आणि तो रुमाल जागेवर बघून माझा जीव भांड्यात पडत असे. अशी सात-आठ वर्षं निघाली.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं, आणि ठरवलं कुणी, तर मीच. मुलगा आमच्या प्राचार्यांचा. म्हणजे व्याही कोण, तर ज्यांच्यापुढं मी सही करायलाही पेन पुसून न्यायचो ते प्राचार्य. माणूस कडक, सज्जन आणि प्रतिष्ठेचा. टक्कल चांगलं ऐसपैस, आणि त्यावरून डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत बेतानं ओढलेली केसांची एक बट. पंखा जोरात असला की ती बट उभी राहायची आणि सरांचा हात आपोआप वर जाऊन ती दाबायचा. अख्ख्या कॉलेजला हे ठाऊक होतं आणि अख्ख्या कॉलेजात त्यावर एक अवाक्षर कुणी काढलं नव्हतं. साखरपुड्याच्या बैठकीत नेमके ते पंख्याखाली बसले आणि समोर सासरे. मी सासऱ्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला घाम फुटला. तिथून निघताना मी त्यांना बाजूला घेतलं आणि जवळजवळ हात जोडले. "मामा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, माझ्या नोकरीचा आहे. ती गाडी इंदापुरात कार्यालयात आणायची नाही." ते लगेच म्हणाले, "न्हाय आनत. गळ्याशप्पत."

शब्द त्यांनी पाळला. गाडी आणली नाही. नवी बांधून आणली.

लग्नाच्या सकाळी वरपक्षाला रुखवत दाखवायची वेळ झाली. टेबलांवर लोकरीचं तुळशीवृंदावन होतं, साबणाच्या वड्यांची बदकं होती, खारकांचे नवरा-नवरी होते, आणि शेवटच्या टेबलावर पांढऱ्या चादरीखाली काहीतरी लांबट झाकलेलं होतं. ती लांबी मला ओळखीची वाटली. मी पुढं व्हायच्या आत सासऱ्यांनी चादर ओढली. लाल-पिवळी, कोरी करकरीत छोटी गाडी आणि तिच्यात सगळा वरपक्ष! नवरदेव घड्याळ बघणारा, त्याची बहीण आरशात बघणारी, आणि पहिल्या बाकावर प्राचार्य. डोक्यावर काडेपेटीएवढा पंखा. मी दातओठ खात पुटपुटलो, "मामा, अहो शब्द दिला होता ना!" ते निरागसपणे म्हणाले, "ही त्यी गाडी न्हाय, ही नवी हाय. आन् नवं सोयरं आलं, त्येंला काय उभं ठिवायचं व्हय दारात?" मग प्राचार्यांकडे वळून, फेटा सावरून, अदबीनं म्हणाले, "सायेब, दांडा तुमच्याच हातानं फिरवा."

सरांनी फिरवला. छोटा पंखा गरगरला, काळ्या दोऱ्याची बट टकलावरून ताठ उभी राहिली, लाकडी हात वर गेला आणि त्यानं ती दाबली. त्याच घटकेला कार्यालयाच्या छताचा मोठा पंखा कुणीतरी पाचावर केला. सरांची खरी बट उभी राहिली. सरांचा खरा हात वर गेला. टेबलाभोवतीच्या पाऊणशे माणसांनी बाहुली बघितली, सर बघितले आणि कुणाला श्वास सोडायचं धाडस होईना. वाजंत्रीसुद्धा नेमकी तेव्हाच दम खायला थांबली होती.

"कुणी केलं हे?" सर हळू आवाजात म्हणाले.

"म्या केलं," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच थोडा कापरा ऐकला. कुठंतरी चुकलं हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, काय चुकलं ते येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे हात केला. "आमचं थोरलं पाव्हणं तुमच्याच हाताखाली हायती. ईचारा त्येंला, म्या वंगाळ म्हनून कंदी कुनाचं करत न्हाय."

सर माझ्याकडे बघायला लागले. सासरे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी आचाऱ्यांकडे बघायला लागलो. मान वळवून, जिलबीच्या कढईकडे, जणू काही त्या कढईत माझं कुणी पडलंय. एवढंच. फार तर दोन क्षण. मी काही बोललो नाही, कुणाला नाकारलं नाही, नुसती मान वळवली. पण त्या दोन क्षणांत पुढं केलेला त्यांचा हात तसाच हवेत राहिला होता, हे मला कढईकडे बघतानाही दिसत होतं.

वाचवलं प्राचार्यांच्या बायकोनं. त्या आधी तोंडाला पदर लावून नुसत्या थरथरत होत्या, मग पदर सुटला आणि त्या अशा काही हसल्या की खारकांची नवरी पडली. "अगं बाई गं! लग्न झाल्यापासून बघतेय हो मी, पण बोलायची सोय नव्हती!" असं म्हणत त्यांनी दांडा पुन्हा फिरवला, मग मुलीला बोलावून पुन्हा, मग जावेला बोलावून पुन्हा. सगळं कार्यालय हसायला लागलं. सरांनी वाकून बाहुली नीट न्याहाळली आणि गंभीरपणे म्हणाले, "केस आहेत त्यापेक्षा जास्त दाखवलेत. राहू दे." लग्न थाटात लागलं. ती बाहुली पुढं सरांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, चांदीच्या फुलदाणीशेजारी बसली, आणि आल्यागेल्याला दांडा फिरवून दाखवायचा मान सर दुसऱ्या कुणाला देईनात. म्हणजे एवढी धास्ती घेतलेला मीच तेवढा वेडा ठरलो.

पुढं दोनेक महिन्यांत धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांची चैन. सासुरवाडीनं बोलवायचं, पुरणाचे धोंडे खायला घालायचे आणि तांब्याच्या ताटात अनारशांचं वाण द्यायचं. नवा जावई होता, मी होतो, घर भरलेलं होतं. माझ्या हातात ताट दिल्यावर सासरे म्हणाले, "पाव्हणं, जरा ओट्याव या." गाडीपाशी जाऊन त्यांनी कंडक्टरशेजारच्या जागेवरचा तो रुमाल उचलला. खाली मी होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ढेरी होती तेवढीच, चष्मा होता तसाच, कशाची थट्टा नाही. मी म्हटलं, सुटलो. मग त्यांनी दांडा फिरवला. कंडक्टरचा हात तिकीट घेऊन पुढं आला, आणि माझी मान हळूच, अगदी सभ्यपणे, खिडकीकडे वळली.

सगळे हसले. बायको तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, "अगदी हेच! अगदी हेच हो आबा!" मीही हसलो, पण कान असे तापले होते की वाटलं अनारसे करपतील. सासरे तेवढे हसत नव्हते. माझ्या जवळ सरकून बारीक आवाजात म्हणाले, "लई वर्सं घावत न्हवता. कार्यालयात घावला. राग मानू नगा, पाव्हणं. मानूस जसा घावंल तसाच करावा लागतुया, माजा विलाज न्हाय."

मी बाहुली उचलून उलटी केली. टिकली होती. भोक नव्हतं.

"मामा, हिला भोक पाडायचं राहिलं."

"ऱ्हायलं न्हाय, ठिवलंय," ते म्हणाले. "भोक पाडलं म्हंजी मंग मानूस बदलाया येत न्हाय. ऱ्हाऊ द्या. बगू पुढच्या खेपंला."

त्यानंतर मी एस.टी.त त्यांच्याशेजारी बसू लागलो. दोघांचं तिकीट काढू लागलो. एकदा तर बारामतीच्या स्टँडवर, माझे विद्यार्थी समोर उभे असताना, त्यांची बाहुल्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि पिशवीतून सरपंचाचा पाय बाहेर आला होता. मी तो आत ढकलला नाही. कान तापायचे थांबले असं मात्र म्हणवत नाही. दर दिवाळीला मी विचारायचो, मामा, झालं का? ते बाहुली हातात घ्यायचे, माझ्याकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे, पाठीमागच्या तारेला बोट लावायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. "बगू," म्हणायचे. एका दिवाळीला विचारायला ते नव्हते.

गाडी आता आमच्या बारामतीच्या घरात, हॉलमध्ये आहे. पाहुणे येतात, विचारतात, कुणी केलं हो हे? मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, माझ्या सासऱ्यांनी. सांगताना दांडा फिरवतो, कंडक्टर तिकीट पुढं करतो आणि माझी मान नेमकी तेव्हाच खिडकीकडे वळते. पाठीमागची तार थोडी वाकवली तर मान त्यांच्याकडे वळेल, हे मला कळतं. चिमटाही माझ्याच कपाटात आहे. बायको दर वर्षी गाडी पुसताना म्हणते, "आता किती दिवस ठेवणार? वाकवा ती तार आणि पाडून टाका भोक." मी तिला म्हणतो, राहू दे गं. प्रवाशानं स्वतःचं तिकीट स्वतः टोचायचं नसतं, ते कंडक्टरचं काम आहे.